मावळ्याच्या पायाखाली

दिवाळीच्या किल्ल्यावरचा एखादा मावळा घरात शिल्लक असेल तर तो उलटा करून बघा. पायाखालची चकती पांढरी असते, कधी घासून सपाट केलेली, कधी तशीच खडबडीत. क्वचित पेन्सिलने किंमत लिहिलेली. नाव नसतं. कारागिराचं नाही, गावाचं नाही, सालही नाही. आणि आपण कधी विचारतही नाही. मावळा कुठे घेतला हे घरातल्या प्रत्येकाला आठवतं. कोणी बनवला हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

लहान आकृत्यांबद्दल कोणी समीक्षा लिहीत नाही. म्हणून हा लेख. मूर्तीची उंची फुटांत गेली की आपल्याकडे मूर्तिकाराला नाव मिळतं. लालबागच्या राजाचे कांबळी माहीत असतात, मुंबईच्या उंच गणपतींचे विजय खातू माहीत असतात. धुळेकरांकडे तर याहून मोठं उदाहरण आहे. नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा घडवणारे राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, जन्म १९२५चा. एवढ्या मोठ्या पुतळ्याचं कामही आधी हातात मावणाऱ्या, मग माणसाएवढ्या नमुन्यांवरूनच पुढे जातं. म्हणजे शिल्पकाराची खरी परीक्षा छोट्या आकारातच होते. पण छोटा आकार हेच अंतिम काम असेल, तर त्याला आपण ‘शिल्प’ म्हणत नाही. ‘खेळणं’ म्हणतो, पुण्यात ‘चित्रं’ म्हणतात, आमच्याकडे नुसतं ‘मावळे’.

परदेशात या छंदाला ‘मिनिएचर्स’ म्हणतात आणि त्यात माणसं पगार घालवतात. आपल्याकडे असा छंद नाही असं वाटतं, पण धुळ्याच्या आग्रा रोडवर ऑगस्ट ते नोव्हेंबर नुसती चक्कर मारा. श्रावण अमावास्येला पोळा, त्यासाठी मातीच्या बैलांची जोडी. मग गणपती. अनंत चतुर्दशी संपते न संपते तोच भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई. आणि शेवटी दिवाळीत लक्ष्मी आणि मावळे. दोन-अडीच महिन्यांत एकेका घरात चार-पाच वेळा मातीच्या किंवा प्लास्टरच्या आकृत्या येतात. एवढी नियमित खरेदी छंदवाले लोकही करत नाहीत. फरक इतकाच की आपली खरेदी तिथीला बांधलेली आहे. आवडली म्हणून घेतली, असं नसतं. आली म्हणून घेतली.

यातली गुलाबाई मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलंय. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर घरात गुलाबाई बसते. शेजारी गुलोजी. म्हणजे पार्वती आणि शंकर, पण माहेरी आलेली लेक आणि तिला न्यायला आलेला जावई या वेशात. संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि डब्यातला खाऊ न बघता ओळखतात. विदर्भात हीच भुलाबाई. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी गाणी गोळा केली, ते उत्तम झालं. पण मूर्तीकडे कोणी बघितलं नाही. मी बघितलं, कारण माझ्या बहिणीची गुलाबाई आणायला दर वर्षी मला पाठवायचे.

बाजारातली गुलाबाई ही बऱ्याचदा गणपतीच्या कारखान्यातूनच येते, आणि ते कळतं. तोच गुलाबी, तोच पोपटी, मुकुटाची तीच सोनेरी रेघ. पण बसण्याची पद्धत वेगळी. दोघं एका पाटावर खेटून बसलेले, दोघांचे चेहरे समोर. नवरा-बायको फोटो काढायला बसल्यासारखे. जुन्या साच्यांमध्ये गुलाबाईचं नाक जरा बसकं, गाल भरलेले, आणि डोक्यावरचा पदर जाड असतो. ती देवी कमी आणि सासरहून थकून आलेली मोठी बहीण जास्त दिसते. नवीन साच्यांत ती मालिकेतली पार्वती झालीय: निमुळती हनुवटी, लांब डोळे. गुलोजीच्या दंडाला स्नायू आलेत. माझं मत स्पष्ट आहे, जुना साचा चांगला. गाण्यांमधली गुलाबाई रुसते, खायला मागते, सासूबद्दल कुरकुर करते. ती गाणी त्या निमुळत्या हनुवटीला शोभत नाहीत. पण खरेदी करताना आयांना नवीनच आवडतो, कारण तो ‘सुबक’ आहे. सुबक हा शब्द आपल्या बाजारात गुळगुळीत या अर्थाने वापरला जातो.

भाव करण्याची रीतही बघण्यासारखी. गणपतीचा भाव लोक करतात, पण जरा संकोचून. गुलाबाईचा भाव बिनधास्त होतो. आजी ‘कितलाले?’ विचारते आणि उत्तर ऐकण्याआधीच अर्धा आकडा सांगते. मुलींचा सण, म्हणून मूर्तीची किंमतही मुलींची. कोजागरीनंतर ती विसर्जित होणार, तेव्हा टिकाऊपणाचा प्रश्न नाही, कारागिराची आठवण ठेवण्याचा तर नाहीच. गणपती, गुलाबाई, दोघं पाण्यात जातात. या सगळ्या खरेदीत जपून ठेवला जातो तो एकटा मावळा. वर्तमानपत्रात गुंडाळून, बुटाच्या खोक्यात, माळ्यावर. तेव्हा संग्रह म्हणण्यासारखं काही आपल्या घरांत असेल, तर ते हे खोकं.

आता मावळ्याची समीक्षा. आधी प्रमाणाचं बघू, कारण इंजिनिअरला तेच आधी खटकतं. रायगड समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर उंच. अंगणातला किल्ला तीन फूट धरा, म्हणजे प्रमाण झालं सुमारे १:९००. या प्रमाणात साडेपाच फुटी मावळा दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. मोहरीच्या दाण्याएवढा. उलट बाजारातला चार इंची मावळा खरा मानला, तर त्याच्या मापाचा रायगड ५० मीटर उंच करावा लागेल. सोळा मजली इमारत. देवपुरातल्या कुठल्याही कॉलनीच्या अंगणात ते बसणार नाही.

पण ही चूक नाही. महाराज सगळ्यात मोठे, सरदार त्याहून लहान, मावळा आणखी लहान, शेतकरी सगळ्यात छोटा: जुन्या चित्रांमध्ये राजा दरबाऱ्यांपेक्षा मोठा काढतात, तसंच. माप डोळ्याचं नाही, मानाचं आहे. गंमत म्हणजे युद्धखेळांच्या परदेशी आकृत्यांमध्येही हेच चालतं. तिथल्या प्रसिद्ध २८ मिलिमीटरच्या आकृत्यांना मुद्दाम मोठी डोकी आणि मोठे पंजे देतात, म्हणजे हातभर अंतरावरून चेहरा आणि शस्त्र दिसावं. त्याला ते ‘हिरॉइक स्केल’ म्हणतात. आपला कुंभार हे कोणत्याही नावाशिवाय करतो.

चांगला मावळा ओळखायची माझी एक खूण आहे: तलवार कुठे टेकलीय ते बघा. हात वर करून उगारलेली तलवार पहिल्याच दिवाळीत मोडते. घरी मुठीत काडेपेटीची काडी बसवून फेविकॉलने चालवून घेतात. अनुभवी साचेवाला तलवार फेट्याला किंवा ढालीला टेकवतो, भाला पायाशी जोडतो, तुतारी खांद्यावर विसावू देतो. त्यामुळे मावळ्याची मुद्रा थोडी आखडते, पण ते आखडणं मला आवडतं. त्यात साहित्याचं भान आहे. प्लास्टर ताण सहन करत नाही, आणि शिल्पकाराने ते मान्य केलंय. याउलट हल्लीचे काही मावळे चित्रपटाच्या पोस्टरवरून उतरवलेले दिसतात: एक पाय हवेत, दोन्ही हात पसरलेले. फोटोत भारी. घरी आणेपर्यंत पिशवीत दोन तुकडे.

रंगकामाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. छंदवाला माणूस आकृती रंगवतो तेव्हा आधी प्रायमर, मग मूळ रंग, मग पातळ गडद रंगाचा हात, जो खाचांत उतरून सावल्या देतो, मग उंचवट्यांवर कोरडा ब्रश, मग उजळ कडा. एका आकृतीला एक संध्याकाळ जाते. मावळे ओळीने रंगतात. एकजण सगळ्यांना अंगाचा रंग देतो, दुसरा पांढरा अंगरखा, तिसरा फेटे. शेवटी सगळ्यात सराईत हात भुवया, डोळे आणि मिशा काढतो. मिशी एका झटक्यात, ब्रश दाबून मग उचलत, म्हणजे टोक आपोआप बारीक होतं. मी स्वतः बारीक ब्रशने मिशी काढायचा प्रयत्न करतो तेव्हा तीन वेळा पुसावी लागते. खोक्यातल्या दोन मावळ्यांच्या मिशा शेजारी ठेवून बघा. एकाच हाताच्या असतील तर लगेच कळतं. सही म्हणतात ती हीच, पण ती कोणाची हे कुठेच लिहिलेलं नाही.

परदेशातल्या गिऱ्हाइकाला हे माहीत असतं, आणि त्याचा हेवा वाटतो. तिकडे या वस्तूंचा इतिहास जुना. १८९३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिटन कुटुंबाने शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. साच्यात शिसं ओतायचं, बाहेरचा थर घट्ट झाला की आतलं ओतून काढायचं. शिसं कमी, वजन कमी, किंमत कमी. भरीव जर्मन सैनिकांचा बाजार त्यांनी याच युक्तीने खाल्ला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने असे सैनिक घेऊन घरात लढाई खेळायचे नियम लिहिले, ‘लिटल वॉर्स’. पुढे १९७५ मध्ये गेम्स वर्कशॉप सुरू झाली, आणि तिच्या ‘वॉरहॅमर’ने या छंदाचा मोठा धंदा केला. या दुनियेत लोक शिल्पकाराच्या नावाने खरेदी करतात. केव्ह अॅडम्सचे गॉब्लिन ओठांच्या ठेवणीवरून ओळखणारे लोक आहेत. अॅलन आणि मायकल पेरी या जुळ्या भावांच्या ऐतिहासिक सैनिकांसाठी पैसे साठवणारे आहेत. मायकल पेरींनी १९९६ मध्ये तोफेच्या अपघातात उजवा हात गमावला आणि डाव्या हाताने पुन्हा घडवायला शिकले, हेही त्यांच्या गिऱ्हाइकांना ठाऊक असतं. मिशीच काय, हातसुद्धा कोणता ते माहीत.

पण हेवा इथपर्यंतच. त्या छंदातली खरेदीची सवय मला आजारी वाटते. लोक खोकी घेतात, उघडत नाहीत. उघडली तर जोडत नाहीत, जोडली तर रंगवत नाहीत. करड्या प्लास्टिकच्या त्या ढिगाला इंग्रजीत चक्क ‘पाइल ऑफ शेम’ म्हणतात, आणि लाज वाटायच्या ऐवजी त्याचे फोटो टाकतात. त्यात ‘वॉरहॅमर फॉर्टी के’च्या नियमांची नवी आवृत्ती अलीकडे दर तीन वर्षांनी येतेय: २०१७, २०२०, २०२३. आकृती मोडत नाही, पण खेळात मागे पडते. आम्ही सॉफ्टवेअरवाले हा धंदा ओळखतो. चालू असलेली गोष्ट जुनी ठरवायची आणि अपडेट विकायचा. शिवाय आजच्या खोक्यांवर शिल्पकाराचं नाव नसतं, कंपनीचं असतं. म्हणजे तिकडचीही नावं पुसली जाताहेत, फक्त पुसणारा श्रीमंत आहे. मावळ्याला आवृत्ती नाही. आजोबांचा मावळा नातवाच्या किल्ल्यावर तसाच चालतो, काडीच्या तलवारीसह.

आपल्या पिढीची, म्हणजे पगार सुरू झालेल्यांची, खरेदी कुठे गेलीय? गाडीच्या डॅशबोर्डवर. सिंहासनावरचे महाराज, रेझिनचे, सोनेरी किंवा तांब्याच्या रंगाचे. वाढदिवसाला, गृहप्रवेशाला, ऑफिसच्या निरोपाला. राज्याभिषेकाच्या ३५०व्या वर्षाच्या सुमारास तर इन्स्टाग्रामवर दुसरं काही दिसतच नव्हतं. भावनेबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती खरी आहे. पण वस्तूबद्दल म्हणायचंय. एकच धातूचा रंग मारला की ओतकामातले दोष झाकले जातात आणि रंगवणाऱ्या माणसाची गरज संपते. मिशी काढणारा हात या धंद्यातून बाहेर गेला तो इथे. चेहरेही बघा. वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं समकालीन डच चित्र प्रकाशात आणलं. त्यातले महाराज शांत, किंचित हसरे आहेत. डॅशबोर्डवरचे महाराज जवळपास नेहमी रागावलेले. सिंहासनाचे सिंह मात्र मन लावून केलेले असतात. सिंहांवर मेहनत आणि माणसावर घाई, हे कसलं शिल्प?

हे बरेचसे आता संगणकावर घडतात. एसटीएल फाइल तयार होते, रेझिन प्रिंटर पाच शतांश मिलिमीटरचे थर चढवत आकृती छापतो, त्यावरून रबरी साचा, साच्यातून शेकडो नग. माझा याला अजिबात विरोध नाही, घरी छोटा प्रिंटर आहे. त्रास वेगळाच आहे. ज्याने पंधरा रात्री जागून चेहरा घडवला त्याची फाइल टेलिग्रामवर फुकट फिरते, आणि तिचेच नग तीन वेगवेगळ्या दुकानांच्या नावाने विकले जातात. पूर्वीही साच्यावरून साचा काढायचे. पण प्रत्येक नकलेत नाक थोडं बोथट व्हायचं, आणि तेवढंच मूळ कारागिराला संरक्षण होतं. फाइलची नक्कल बोथट होत नाही.

ओपन सोर्सवाल्यांना हा प्रश्न नवीन नाही. तिथेही वस्तू फुकट वाटतात, पण एमआयटी लायसन्ससारख्या साध्यात साध्या परवान्यातही एक अट असते: मूळ लेखकाची नोंद काढायची नाही. मावळ्याच्या बाबतीत तर हे कायद्यातच आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प हे कलाकृतीच्या व्याख्येत येतं, त्यात कलागुण असोत वा नसोत. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकल्यावरही ‘हे मी केलं’ म्हणण्याचा निर्मात्याचा अधिकार शिल्लक राहतो. पण हा अधिकार वापरायला आधी कोणीतरी विचारावं लागतं. गिऱ्हाइकाने विचारलं नाही तर दुकानदार सांगत नाही, दुकानदाराने विचारलं नाही तर कारखानदार लिहीत नाही.

बाजारात काय नाही, हेही खरेदीतूनच ठरतं. मावळ्यांच्या हातगाडीवर अफझलखानाचा वध सोडला तर शत्रू विकायलाच नसतो. तोफ आहे, पण ती कोणावर रोखायची? परदेशी सैनिकांचे संच दोन बाजूंचे येतात. आपल्याकडे विहिरीवरची बाई, जातं, नांगर, गवळण, गुहेतला वाघ, साधू. म्हणजे हा युद्धखेळ नाहीच, हे गाव आहे. इटलीत नेपल्सच्या सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्लीत नाताळच्या गोठ्यासाठी अशाच आकृत्या विकतात: येशूच्या भोवती पाववाला, मासेवाला, आणि हल्ली फुटबॉलपटूसुद्धा. वसई आणि गोव्यातले गोठे पाहिले असतील तर पटेल. राजाभोवती किंवा देवाभोवती रोजचं जग मांडायचं. फक्त नेपल्सचं जग दर वर्षी वाढतं आणि आपलं थांबलंय. आपल्या बाईला अजून पाणी आणि जातं या दोनच नोकऱ्या आहेत.

आणि हे गाव आमच्याकडचं नाही. धुळ्यातला मुलगा रायगड करतो, प्रतापगड करतो. शहरातून दिसणारा लळिंग करत नाही, सोनगीर करत नाही. साल्हेर तर खानदेशाला लागून, बागलाणात. महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, १५६७ मीटर. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं ते त्याच्याच पायथ्याशी, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. त्याच्यासाठी बाजारात काहीच नाही. तीरकमठा घेतलेला भिल्ल नाही. खाज्या नाईकांचं नाव शाळेच्या पुस्तकाबाहेर दिसत नाही. सोनगीरचा तांब्याचं भांडं ठोकणारा तांबट नाही, केळीने भरलेली गाडी नाही, टाळ्या वाजवत गुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुली नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एका मित्राने यातल्या तीन आकृत्या ब्लेंडरमध्ये घडवल्या: भिल्ल, तांबट, आणि डबा लपवून उभी असलेली मुलगी. मुलगी सर्वात छान जमलीय. डबा पाठीमागे असल्याने हात शरीराला टेकलेले आहेत, मोडायचं काही कामच नाही. प्रिंट घेऊन आम्ही गणपतीच्या कारखान्यात गेलो. कारखानदाराने मुलगी हातात घेतली, फिरवून बघितली, ‘हिचा खाऊ काय शे?’ म्हणून विचारलं. मग किती नग हवेत ते विचारलं. आम्ही म्हटलं, पंचवीस. तो म्हणाला, शंभराच्या खाली रबराचा साचा परवडत नाही, आणि तळाला नाव कोरायचं असेल तर अक्षरं मोठी करून आणा, प्लास्टरमध्ये बारीक अक्षर भरून जातं. आता पंचाहत्तर गिऱ्हाइकं शोधतोय. गुलाबाई बसायच्या आधी नग हातात हवे असतील, तर पोळ्यापर्यंत त्याला आकडा कळवावा लागेल.